‘मी कोण, सांगा बरं?’ हे विचारणं आधी थांबवा: मेंदूच्या दुखापतीनंतर घरी करायचं पुनर्वसन

दवाखान्यातून सुटी होऊन माणूस घरी आला, की पहिल्या आठ दिवसांत त्याची जेवढी परीक्षा होते तेवढी शाळेतही झाली नसेल. शेजारची बाई येते, “काकाजी, ओयखलं का मले?” मेव्हणा येतो, “सांगा बरं भाऊजी, आज वार कोणता?” नातवालाही पुढे करतात, “याचं नाव काय?” काकाजी चुकतात. सगळे एकमेकांकडे पाहतात, काकू पदर डोळ्याला लावतात. काकाजींना संध्याकाळपर्यंत यातलं काही आठवत नाही, पण कसंनुसं वाटत राहतं. दोन दिवसांनी माणसं आली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवते. वर्धा-यवतमाळच्या बाजूला घरोघरी जाते. बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकते: “हातपाय चालते झाले मॅडम, पन मानूस पयलेसारखा नाही.” हातापायाचे व्यायाम दवाखान्यात सांगितलेले असतात. डोक्याचं काय करायचं ते क्वचितच कोणी सांगतं. मग एखादा पुतण्या मोबाइलमध्ये कोड्यांचा खेळ टाकून देतो. महिनाभरात काकाजी त्या खेळात पटाईत होतात, पण चहात साखर घातली की नाही ते तरीही कळत नाही. मेंदू जे करतो तेच शिकतो, म्हणून जे काम परत यायला हवं तेच काम शिकवायचं. पुढचा सगळा लेख एवढ्या एका गोष्टीचा विस्तार आहे.

आपल्या भागात हे दुखणं अनेक वाटांनी येतं. हेल्मेट न घालता मोटरसायकलवरून पडणं ही मोठी वाट. दुसरी लकव्याची, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून येणाऱ्या झटक्याची. गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवाच निघालं होतं, आणि जे वाचतात त्यांचं पुढचं आयुष्य घरच्यांच्या हातात असतं. शिवाय मेंदूज्वर आहे, मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया आहे, टीबीचा मेनिन्जायटिस आहे. मेंदूज्वर आणणाऱ्या, १९६५ साली सापडलेल्या चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं तेही नागपूर जिल्ह्यातल्या गावाचंच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल वेगळं सांगते: सिकलसेलच्या मुलांमध्ये हातपाय लुळे न पडताही मेंदूत बारीक लकवे होऊ शकतात. असं मूल अचानक अभ्यासात मागे पडलं, सांगितलेलं विसरू लागलं, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आधी डॉक्टरांचं काम, मग आपलं

अपघातानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, माणूस जागा असतो, बोलतो, पण दिवसाचा धागा त्याच्या हाती नसतो. सकाळी कोण भेटलं ते दुपारी पुसलेलं. या काळात काही शिकवायला जाऊ नका. खोली शांत ठेवा, टीव्ही बंद, एका वेळी दोनच माणसं, रात्रीची झोप सांभाळा. आत शिरताना स्वतःच सांगा, “मी तुमची लहान बहीण, आज सोमवार, तुम्ही घरी आहात.” दिवसभरातलं बोललेलं रात्री थोडंफार आठवू लागलं की खरं काम सुरू करायचं.

उलटी गोष्ट घडली, म्हणजे बरा होत असलेला माणूस पुन्हा मागे जाऊ लागला, तर वाट पाहू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, आकडी, नव्याने आलेली कमजोरी दिसली की १०८ बोलवा. म्हाताऱ्या माणसांत एक फसवं प्रकरण असतं: न्हाणीत पडणं साधंच झालेलं असतं, आणि तीन-चार आठवड्यांनी बुढा झोपाळू, गोंधळलेला होतो. घरचे म्हणतात वय झालं. डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं, आणि ते ऑपरेशनने काढता येतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि त्याबरोबर लघवीवरचा ताबा जाणं, हेही मेंदूत पाणी वाढल्याचं लक्षण असू शकतं. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, यवतमाळ किंवा अकोल्याचं शासकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथे न्या.

तिथे गेल्यावर थायरॉइड, बी-१२, सोडियम यांबद्दल विचारा. उदासीनतेबद्दलही विचारा, कारण तिच्यामुळेही स्मरण मंदावतं आणि तिच्यावर उपचार आहेत. आणि चष्मा! अपघातात चष्मा फुटलेला असतो आणि सहा-सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही. मी एका घरी तीन फेऱ्या स्मरणशक्तीवर घालवल्या होत्या. चौथ्या फेरीला कळलं की काकाजींना भिंतीवरचं दिसतच नव्हतं.

आकडीच्या गोळ्या “गरम पडतात” म्हणून मनाने बंद करू नका. एकदम बंद केल्या की आकडी उलटून येते. दारू बंद. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे हे मला सांगू नका, मोहाची कुठे मिळते ते मलाही माहीत आहे. मेंदूच्या ताकदीच्या बाटल्यांवर पैसे घालू नका, त्यांनी गेलेली स्मरणशक्ती परत येते असा भक्कम पुरावा नाही. स्वभाव बदलला म्हणून कोणी “बाहेरचं” काढायला सांगितलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पाच दिवस फक्त लिहा

वीस रुपयांची वही घ्या. पाच दिवस काही शिकवायचं नाही, फक्त टिपायचं: कोणतं काम करत होते, नेमकं कुठे अडलं, किती वेळा सांगावं लागलं, तेव्हा किती वाजले होते. “काहीच लक्षात राहत नाही” ही तक्रार घेऊन लोक येतात, आणि वही उघडली की वेगळंच निघतं.

अंघोळीला जातो म्हणून उठले, वाटेत कोंबडी दिसली, तिच्यामागे गेले: हे विसरणं नव्हे, लक्ष घसरणं आहे. टॉवेल, बादली, पाणी सगळं समोर असून बसूनच राहिले, “अंघोळ करा” म्हटलं की मात्र केली: यात सुरुवात करून देणारा मेंदूचा पुढचा भाग अडला आहे. अंघोळ झाली आणि तासाभराने पुन्हा टॉवेल घेऊन निघाले: ही खरी स्मरणाची अडचण. तिघांना उपाय तीन वेगळे आहेत. गाडीच्या अपघातात कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग जास्त सापडतो, म्हणून लक्ष, आखणी, संयम आणि नवी आठवण या चार गोष्टींना बहुधा एकदमच मार बसतो. जुनं मात्र टिकून असतं. १९९० साली बैलजोडी कितीला घेतली ते सांगतील, पण सकाळची भाजी सांगता येणार नाही. यावरून “सोंग करते बुढा” असं समजू नका.

चूक होऊच द्यायची नाही

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या आकड्या थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, नवी आठवण घडवणारा भाग शस्त्रक्रियेने काढला. त्यानंतर त्याला नवीन काही आठवेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. अवघड काम आहे, करून पाहा. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, आणि हे काम आपण आधी कधी केलंय याची त्याला आठवणही नव्हती. म्हणजे सांगितलेलं विसरणारा माणूसही हाताने शिकू शकतो. आपली सगळी मदार या वाटेवर आहे.

या वाटेत एक खड्डा आहे. तुम्ही-आम्ही चुकलो तर चूक आठवते आणि पुढच्या वेळी टाळतो. ज्याची आठवणच टिकत नाही त्याला “हे चुकलं होतं” एवढं आठवत नाही, फक्त हाताला, जिभेला ते वळण लागतं. मग तो तीच चूक करत राहतो. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली हे प्रयोगाने दाखवलं: अंदाज बांधायला लावण्यापेक्षा बरोबर उत्तर आधीच देऊन शिकवलं तर स्मरण गेलेल्या माणसांना जास्त जमतं.

म्हणून “आठवा, आठवा, जोर लावा डोक्याला” बंद. “मी कोण?” ऐवजी “मी सुनीलची बायको, तुमच्यासाठी पाणी आणलं.” पाहुण्यांनाही दारातच सांगा. ओसरीवर खडूने लिहिलं तरी चालेल: आधी आपलं नाव सांगावं.

एक काम निवडा: समजा, चहा

पहिलं काम निवडताना तीन गोष्टी पाहा. ते रोजचं असावं, दहा मिनिटांत होणारं असावं, आणि त्या माणसाला स्वतःला ते हवं असावं. एका घरी मुलाने ठरवलं, बाबांनी पेपर वाचायचा. बाबा म्हणाले, “मले चाय मांडू दे.” आम्ही चहाच घेतला.

आधी काकूंनी चहा केला आणि मी टिपत गेले. पायऱ्या अकरा निघाल्या: गंज (पातेलं) घेणे, दोन कप पाणी, गंज शेगडीवर, गॅस पेटवणे, पत्ती, साखर, उकळी, दूध, पुन्हा उकळी, गॅस बंद, गाळणे. प्रत्येक घरी या पायऱ्या वेगळ्या निघतील, तुमच्या घरी जशा आहेत तशाच ठेवा. गंज तोच, चमचा तोच, डब्यांची जागा तीच, शिकवणारं माणूसही शक्यतो एकच. सुनेने साखर आधी आणि मुलीने पत्ती आधी असं केलं की शिकलेलं विस्कटतं.

मग शेवटापासून सुरुवात करा. पहिले तीन-चार दिवस सगळं तुम्ही करायचं, काकाजींनी फक्त गाळून कपात ओतायचा. ते जमलं की गॅस बंद करणं आणि गाळणं. मग दुसरी उकळी पाहणंही. असं मागे मागे जात राहायचं. शेवटापासून का? कारण दर वेळी काम पूर्ण होतं आणि हातात आपण केलेला चहा येतो. सुरुवातीपासून शिकवलं की तिसऱ्या पायरीला अडून दर वेळी काम अर्धवट राहतं. गॅस पेटवणं मात्र सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही कोणीतरी जवळ उभं हवंच.

आधार कमी करण्याची रीत अशी: पहिल्यांदा त्यांच्या हातावर हात ठेवून करवून घ्या. मग फक्त वस्तूकडे बोट. मग शब्द, तोही एकच: “साखर.” मग काही न बोलता मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे मोजणं घरच्यांना सगळ्यात जड जातं. काकूंचा हात आपोआप डब्याकडे जायचा. शेवटी मी त्यांना दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायला लावलं. चुकीच्या डब्याकडे हात वळताना दिसला तर मात्र दहापर्यंत थांबू नका, झाकण उघडायच्या आत बरोबर डबा पुढे सरकवा.

एक काम पक्कं व्हायला दोन आठवडे लागतील, कधी दोन महिने. त्याआधी दुसरं काम घेऊ नका.

एखादी माहिती पक्की करायची असेल तर

गोळ्या कुठे ठेवल्यात, मुलाचा फोन कोणत्या बटणावर आहे, अशी एक-एक माहिती वाढत्या अंतराने बसवतात. आधी स्वतः सांगा, “गोळ्या कोनाड्यात.” लगेच विचारा, “गोळ्या कुठे?” मग एक मिनिटाने, मग दोन, चार, आठ, पंधरा. मधल्या वेळात शेंगा फोडा, गप्पा मारा. उत्तर आलं नाही की अंदाज करायला लावू नका, लगेच सांगा, आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत या. आधी मी परीक्षा घेऊ नका म्हटलं होतं ते हेच: उत्तर दिल्याशिवाय प्रश्न नको.

घरालाच आठवण ठेवू द्या

कामं शिकवण्याला मर्यादा आहे. बाकीचं घरावर सोपवा. वस्तूंच्या जागा पक्क्या करा आणि खुंटीपाशी ठळक अक्षरात लिहा: चष्मा, किल्ली, दुपट्टा. वाचता येत नसेल तर चित्र, नाहीतर रंगीत चिंधी. रोजचा कार्यक्रम एका पुठ्ठ्यावर, झालेल्या कामासमोर खडूची फुली. म्हणजे “अंघोळ झाली का?” हा प्रश्न काकाजी पुठ्ठ्याला विचारतील, काकूंना नाही.

गोळ्यांसाठी सात काड्यापेट्या घ्या आणि त्यांवर वार लिहा. गोळ्या पाकिटातून काढू नका, पाकीटच कातरीने कापून तुकडा ठेवा. दर रविवारी भरायचं काम घरातल्या एकाचंच. मोबाइलचा गजर चांगला, पण नुसता वाजला तर ते गजर बंद करतील आणि का वाजला ते विसरतील. स्वतःच्या आवाजात गजर लावता येत असेल तर, “बाबा, जेवणानंतरची गोळी.”

थकवा

हा दिसत नाही म्हणून लोक मानत नाहीत. दुखावलेला मेंदू साध्या कामालाही दुप्पट दमतो. वहीत पाहा, चुका बहुधा दुपारनंतर वाढलेल्या दिसतील. शिकवण्याचं काम सकाळी, पंधरा-वीस मिनिटं, त्यानंतर विश्रांती. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा दहाच्या आत आटपा. लग्नघर, डीजे, आठवडी बाजार ही ठिकाणं पहिले काही महिने टाळा, किंवा अर्धा तास थांबून परत या.

डावी बाजू हरवली असेल, शब्द हरवले असतील

मेंदूच्या उजव्या बाजूला लकवा झालेली काही माणसं ताटातली उजवीकडची भाजी संपवतात आणि “भाकर वाढलीच नाही” म्हणतात, भाकर डावीकडे तशीच असते. डोळा ठीक असतो, डाव्या बाजूकडे लक्षच वळत नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल फडकं ठेवा आणि “लाल दिसेपर्यंत मान वळवा” ही सवय लावा. वेचणीच्या दिवसांत आमच्या एका काकाजींसाठी कपाशीच्या तासाच्या डावीकडच्या झाडांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. डावीकडची बोंडं आधी, मग उजवीकडची.

उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं गेलेलं असेल, तर त्याला विसराळू समजू नका. कळत बरंच असतं, शब्द सापडत नाहीत. छोटी वाक्यं बोला, एका वेळी एक गोष्ट विचारा, हो-नाहीची खूण ठरवा, वस्तू दाखवा. लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका.

राग आणि बसून राहणं

शिवीगाळ, चटकन चिडणं, पाहुण्यांसमोर नको ते बोलणं, हे दुखापतीतून आलेलं असतं. वाद घालू नका, तेव्हाच्या तेव्हा समजावू नका. विषय बदला, बाहेर अंगणात न्या. राग येण्याआधी काय झालं होतं ते वहीत लिहा. भूक, आवाज, गर्दी आणि घाई, यांतलंच काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. दिवसभर बसून राहणाऱ्याला “काय करता?” विचारू नका. वस्तू हातात द्या: सुपात तूर देऊन समोर बसा आणि तुम्हीही निवडायला लागा.

अनेकांना आपल्यात काही कमी झालंय हेच जाणवत नाही. “मले काय झालं?” म्हणून वावरात निघतात. पटवून देण्यात शक्ती घालवू नका, सोबत जा.

वावरात परत

गोठ्यापासून सुरू करा: ढोरांना चारा-पाणी, मग शेण काढणं, मग धुऱ्यावरचं काम. विहिरीच्या काठावर, बंडी हाकायला, थ्रेशरजवळ एकट्याला सोडू नका. आकड्या येत असतील तर मोटरसायकल आणि पोहणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. रात्रीच्या लाइनीवर ओलित करायला पाठवू नका, अंधार, स्टार्टर, ओली जमीन आणि अर्धवट लक्ष यांचा मेळ वाईट. फवारणी तर नाहीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, तीही धडधाकट होती. इथे तर औषधाचं प्रमाण आणि हात धुणं दोन्ही विसरणारा माणूस आहे.

आणि पैसे. तब्येत दिसायला चांगली, निर्णय कच्चा, अशा माणसाकडून अंगठा घेणारे लोक गावात असतात. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार एका जागी आणि घरातल्या दोघांच्या नजरेखाली ठेवा.

किती दिवस?

सगळ्यात जलद सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत, त्यानंतर सावकाश, पण दोन वर्षांनंतरही नवीन काम शिकलेली माणसं आहेत. दर महिन्याला पुन्हा पाच दिवस वही लिहा.

ही वही आणखी एका ठिकाणी कामी येते. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, तेव्हा चालत आलेला, नमस्कार करणारा माणूस धडधाकटच दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अनेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे, म्हणून हाताच्या कमजोरीबरोबर लक्ष, स्मरण, वागणूक यांच्या तक्रारीही आवर्जून सांगा, सुटीचा कागद आणि वही पुढे ठेवा. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसीलमध्ये करा. सांभाळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला, झोप उडाली, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीचा, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

चहावाल्या काकाजींच्या वहीचं पहिलं पान अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. काकूंच्या अक्षरात लिहिलंय: “चहा. १४ दा सांगितलं. साखर दोनदा टाकली. रडले.” चार महिन्यांनंतरचं पान: “चहा. एकदा सांगितलं. दूध जास्त. मॅडमसाठी पन मांडला.”